अर्ध्या भट्टीच्या विटा

माझ्या सासऱ्यांची भट्टी त्यांच्या दोन मुलांनी वाटून घेतली. वाटून घेतली म्हणजे एकाने भट्टी ठेवली आणि दुसऱ्याने तिच्या बदल्यात दुसरं काही घेतलं, असं नाही. तसं शहाणी माणसं करतात. यांनी भट्टी पाडली, आणि एक वीट तुला, एक वीट मला असं करत अंगणात दोन ढीग लावले.

सासरे बेकरीवाले. जन्मभर त्यांनी घरामागच्या त्या भट्टीत पाव भाजले. ते गेल्यावर घराची वाटणी झाली आणि अंगणाची मधली रेघ नेमकी भट्टीच्या पोटातून गेली. माझे दीर म्हणाले, मी मोठा, भट्टी माझी. माझा नवरा म्हणाला, बाबांबरोबर उठून पीठ मी मळायचो, भट्टी माझी. दोघांपैकी कुणालाही एक साधा पाव भाजायचा नव्हता, हे वेगळंच. दिरांचं औषधांचं दुकान आहे आणि माझा नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवतो.

वाटता वाटता शेवटी एक वीट उरली. घुमटाच्या माथ्यावर सगळ्यात शेवटी बसते ती, गोल आणि खाली निमुळती. सासरे तिला टोपण म्हणायचे. टोपण एक आणि वारस दोन. मग दिरांनी फरशी कापायचं मशीन आणलं, माझ्या नवऱ्याने टोपण दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि दोघांनी मिळून त्याचे दोन तुकडे केले. त्यांनी एकमेकांना केलेली ती शेवटची मदत. मी आणि जाऊबाई मागच्या दारात उभ्या राहून बघत होतो. मला दोघांच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती, आणि त्यापेक्षा जास्त रडावंसं वाटत होतं.

त्यानंतर भट्टीच्या बाहेरच्या साध्या विटांची मधोमध भिंत उभी राहिली. भट्टीचा ओटा तेवढा जागच्या जागी होता, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. भिंत ओट्यापर्यंत आली आणि विटा संपल्या. आणखी विटा कुणी आणायच्या यावर एकमत होईना, म्हणून ओट्यावर एक जुना लोखंडी पत्रा उभा केला आणि काम आटोपलं. बोलणंही तिथेच आटोपलं.

आम्हा जावांना कुणी बोलू नका असं सांगितलं नव्हतं. पण नवऱ्यांनी तोंडं फिरवली की बायकांनीही फिरवायची, हे सगळे न सांगता गृहीत धरतात. मी गृहीत धरून घेणाऱ्यातली नाही. मी दातांच्या कॅप बनवते. डॉक्टर माप पाठवतात आणि माझ्या छोट्या लॅबमध्ये मी दात घडवते, भाजते, पॉलिश करते. ताई, म्हणजे माझ्या जाऊबाई, शाळेत खेळाच्या शिक्षिका. त्यांचे दात इतके धड आहेत की बाटलीचं झाकण उघडायला त्यांना दुसरं काही लागत नाही. तरी दर थोड्या दिवसांनी त्यांची दाढ दुखते. मग त्या 'डॉक्टरकडे' जातात, म्हणजे माझ्या लॅबमध्ये, आणि आम्ही चहा पीत मनसोक्त बोलतो. दादांना, म्हणजे माझ्या दिरांना वाटतं, बायकोच्या तोंडात मूळचा एकही दात उरलेला नाही. ते बिचारे दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून देतात आणि ताई त्या कुंडीत पुरतात.

अशाच एका दाढदुखीच्या दिवशी ताई आल्या आणि स्टुलावर बसल्या. चहाला हात लावेनात.

"छोटी, हे आमची बाजू विकतायत," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक आलंय. गोदाम बांधणार आहे. पक्की भिंत, दोन मजले उंच."

"आणि तुम्ही कुठे जाणार?"

"गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून इथे यायचं तर नुसत्या दाढेने भागणार नाही. मोठं ऑपरेशनच काढावं लागेल."

मला हसू आलं नाही. ताईंनाही नाही. आणि मग त्या रडायला लागल्या; सगळ्या शाळेला शिट्टीवर पळवणारी बाई माझ्या प्लास्टरच्या साच्यांमध्ये बसून मुसमुसून रडत होती. मला माहेरी बहीण नाही. लग्न झालं तेव्हा या घरात मला कुणी आपलं म्हटलं असेल तर या बाईने. ती जाणार, हे मला मान्य नव्हतं.

"दादांना सांगा ना, नको म्हणून."

"सांगितलं. म्हणतात, ज्या घरात सख्खा भाऊ बोलत नाही त्या घरात कशाला राहायचं?"

"मग भावाशी बोला म्हणावं!"

"तेही सांगितलं. म्हणतात, आधी त्याने बोलावं."

माझा नवराही अगदी हेच म्हणतो. शब्दाचा फरक नाही. दोघांची डोकी एकाच साच्यातून काढलेली आहेत, आणि माझ्या हातून असा साचा झाला असता तर मी तो फेकून दिला असता.

ताईंनी डोळे पुसले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू ते भाव आले, जे शाळेतल्या मुलांना चांगलेच माहीत असणार.

"हे दोघे भांडले कशावरून?"

"भट्टीवरून."

"मग परत भट्टीवरूनच भांडू देत. गोड बोलायला लावणं आपल्या हातात नाही. पण पत्र्यावरून एकमेकांवर ओरडायला लावता येईल की नाही? एकदा तोंड उघडलं की पुढचं बघता येईल."

बेत साधा होता. दोघांनी एकाच जागी, त्या जुन्या ओट्यावर, पत्र्याला टेकवून आपापली भट्टी बांधायला घ्यायची. त्यासाठी आधी त्यांच्या डोक्यात भट्टी घालायला हवी होती. ते सोपं गेलं. मी बाहेरून पिझ्झा मागवला, एक घास खाल्ला आणि सुस्कारा सोडला. "रबर आहे नुसतं. बाबांची भट्टी असती ना, तर असा फुलला असता!" पलीकडे ताईंनीही त्याच आठवड्यात तोच सुस्कारा सोडला. माझ्या नवऱ्याने खोका बंद केला आणि म्हणाला, "त्यात काय एवढं? मी बांधतो भट्टी." दादा म्हणाले, "बांधू की." बायकोने दुसऱ्याच्या हातचं कौतुक केलं की पुरुष विटासुद्धा उचलतात.

खरी अडचण विटांची होती. बाजारात चांगल्या विटा मिळाल्या असत्या, तर दोघांनी आपापल्या अंगणाच्या लांबच्या कोपऱ्यात अख्खी भट्टी बांधली असती आणि आमचा बेत तिथेच बोंबलला असता. त्यांना सासऱ्यांच्याच विटा वापरायला लावायच्या होत्या. सासऱ्यांनी प्रत्येक विटेवर थराच्या रेघा कोरल्या होत्या, पहिल्या थराला एक, दुसऱ्याला दोन, आणि वाटणीही थराथराने झाली होती. त्यामुळे प्रत्येक थराचा निम्मा भाग आमच्याकडे, निम्मा तिकडे. तेवढ्यात अर्धाच घुमट होतो. आणि अर्धा घुमट कुठेतरी टेकवावाच लागतो.

तेव्हा नवरा जी वीट आणेल ती नापास करायची, हे माझं काम ठरलं. ताई तिकडे फोनवर मला विचारून दादांच्या विटा नापास करणार होत्या.

पहिल्यांदा नवरा बांधकामाच्या सामानाच्या दुकानात गेला आणि साध्या लाल विटा घेऊन आला.

"दुकानदार म्हणाला, याही भट्टीतच भाजलेल्या असतात."

"माणूस उन्हात फिरतो म्हणून त्याला तव्यावर बसवतोस का? रोज तापून आणि निवून या तडकतील. परत कर."

दुसऱ्यांदा तो पांढऱ्या विटांची चळत एका हातावर तोलत आला, वेटर ताटल्या आणतो तसा. तोंडावर विजय. "खास फायरब्रिक! बघ किती हलकी!"

"तेच तर," मी म्हटलं आणि विटेवरून नख ओढलं. खोल रेघ उमटली आणि भुकटी त्याच्या बुटावर पडली. "माझ्या लॅबमधल्या भट्टीला आतून हीच आहे. आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, म्हणून घुमटाला बाहेरून पांघरायला उत्तम. पण हिच्यावर पीठ ठेवलंस तर पिझ्झ्याबरोबर वीटही खाशील. तळाला आणि आतल्या घुमटाला जड वीट लागते."

हे सगळं खरं होतं. नवरा ओशाळून म्हणाला, "तुला बरंच कळतं गं." त्याचा चेहरा बघून मला क्षणभर वाईट वाटलं. पण फार वेळ नाही.

तिसऱ्यांदा भंगारवाल्याकडच्या विटा आल्या. जड होत्या, दणकट होत्या, पण एका अंगाला हिरवट काचेसारखा थर चिकटलेला. कुठल्याशा धातू वितळवायच्या कारखान्यातून निघालेल्या. कोणता धातू, ते भंगारवाल्यालाही माहीत नव्हतं. "म्हणजे वर चीज आणि खाली काय, ते देवाला ठाऊक," मी म्हटलं. त्याही गेल्या. तिकडे दादांनी घरबसल्या विटा मागवल्या होत्या. खोक्यातून एक अख्खी वीट आणि बाकी चुरा निघाला. ताईंना काही बोलावंच लागलं नाही.

मग आमच्यावर खरं संकट आलं. नवऱ्याला चांगल्या विटा सापडल्या.

बिस्किटांचा एक जुना कारखाना पाडत होते. तिथून तो नमुन्याच्या दोन विटा घेऊन आला. पिवळसर, जड, कडा शाबूत, जन्मभर बिस्किटांशिवाय काही न पाहिलेल्या. मी नख ओढलं, नख झिजलं. पाण्याचा थेंब टाकला, तो सावकाश मुरला. दोन विटा एकमेकींवर वाजवल्या तर घंटेसारखा आवाज आला. मी त्या विटा इतका वेळ उलटसुलट करत राहिले की नवरा म्हणाला, "काय, नाडी बघतेयस का?"

"चांगल्या आहेत," मला म्हणावं लागलं. तेवढी अब्रू मी राखून आहे. "पण घाई नको. उद्या जाऊन सगळ्या बघू."

तो आंघोळीला गेल्याबरोबर मी ताईंना फोन केला. "ताई, मेलो आपण. बिस्किटाच्या विटा!" ताईंनी फक्त पत्ता विचारला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे पोहोचलो तर जागा झाडून स्वच्छ. मुकादम म्हणाला, "सगळ्या गेल्या साहेब. शाळेच्या बाई सकाळीच टेम्पो घेऊन आल्या होत्या. शिट्टी वाजवून भरून घेतल्या." आता शाळेच्या मैदानावर लांब उडीच्या खड्ड्याला त्या विटांचा काठ आहे. मुलं त्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधतात. एवढा उष्णता सोसणारा उडीचा खड्डा जगात दुसरा नसेल.

 नवरा घरी आला, वॉशिंग मशीनसमोर उभा राहिला आणि खाली वाकला. मशीनच्या चारी पायांखाली सासऱ्यांच्या विटा होत्या. मी भाजी निवडत बसले. हे त्याला स्वतःला सुचायला हवं होतं. मी सुचवलं असतं तर त्याने मुद्दाम केलं नसतं.

"या जड आहेत," तो म्हणाला.

"कोणत्या?"

"बाबांच्या."

त्या संध्याकाळी आमचं अर्धं घर खाली बसलं. फ्रिजखालून, कुंड्यांखालून, पलंगाच्या मोडक्या पायाखालून, फाटकाच्या मागून तो विटा गोळा करत सुटला. मशीन त्यानंतर कपडे पिळताना न्हाणीभर नाचायला लागलं. न्हाणीच्या दाराला अडकण म्हणून टोपणाचा अर्धा तुकडा होता, तो मात्र त्याने तिथेच राहू दिला. "तो शेवटी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा निराळा होता. पलीकडेही त्याच दिवसांत दादा औषधांच्या कपाटांखालून विटा ओढत होते. ताई म्हणाल्या, खोकल्याची औषधं सगळी एका बाजूला कलली आहेत.

बांधकामाआधी एका दुपारी आम्ही दोघींनी पत्र्याचा बंदोबस्त केला. मी लॅबमधलं दात कोरायचं ड्रिल आणलं आणि ओट्यालगत पत्र्याला बारीक भोकं पाडायला घेतली, म्हणजे इकडचा धूर तिकडे जावा. पत्रा गंजलेला होता, पटपट भोकं पडली. एका भोकातून मला ताईंचा डोळा दिसला. इतकी वर्षं आम्ही चोरून भेटत होतो, पण स्वतःच्या अंगणात उभी राहून मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. तो डोळा मिचकावला गेला आणि मला एकदम भरून आलं.

मग दोन्हीकडे काम सुरू झालं. सासऱ्यांची रीत दोघांनाही लहानपणापासून ठाऊक होती. ओट्यावर सपाट विटांचा तळ, त्यावर ओल्या वाळूचा ढीग थापून गोल करायचा, त्यावर रेघा बघत थर चढवायचे, सांध्यात भट्टीची माती भरायची, आणि वाळली की तोंडातून वाळू उपसून काढायची. पलीकडून खोऱ्याचा आवाज आला तसा नवरा ताठ झाला.

"हा काय करतोय?"

"मला कसं कळणार?" मी डोळे मोठे करून म्हटलं.

त्याने विटेवर दोनदा ठोकलं. पलीकडून दोनदा ठोकल्याचा आवाज आला. तो थांबला, पलीकडचाही थांबला. "माझी नक्कल करतोय!" नवरा कुजबुजला. रात्री ताईंचा निरोप आला की दादाही नेमकं हेच म्हणत होते. यानंतर दोघे असे कामाला लागले की कामावरून आले की थेट ओट्यावर. इकडे एक थर चढला की तिकडे चढायचा. माझा नवरा बांधताना उजवा पाय आपटत राहायचा, शिकाऊ माणसाशेजारी बसून ब्रेक दाबायची सवय. दादा विटा गोळ्यांच्या पाकिटासारख्या ओळीत मांडायचे आणि पुसून लावायचे.

रविवार ठरला. तो आम्ही ठरवला, कारण त्याच दिवशी गोदामवाला व्यवहार पक्का करायला येणार होता. आणखी वेळ नव्हता. आमचं काही चुकलं तर संध्याकाळी ताईंचं घर विकलेलं असणार होतं. सकाळपासून मी नवऱ्याला दोनदा बिनसाखरेचा चहा दिला.

पलीकडून शिट्टी वाजली. खूण झाली. मी नवऱ्याला काडी दिली.

दोन्ही भट्ट्या एकदम पेटल्या. माथ्यावर टोपण बसायचं होतं तिथे दोन्हीकडे अर्धी गोल फट उघडी होती. थोडा धूर तिथून वर गेला आणि उरलेला माझ्या ड्रिलच्या भोकांतून आरपार गेला. नवरा खोकायला लागला. पलीकडे दादा खोकायला लागले. पत्रा तापला, फुगला आणि टणकन वाजला.

"ए! तुझा धूर माझ्याकडे येतोय!" पत्र्यापलीकडून आवाज आला.

माझ्या नवऱ्याचं तोंड उघडं राहिलं. मी त्याच्याकडे बघत होते. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझा नाही! तुझाच माझ्याकडे येतोय!"

"मी कोरडी लाकडं लावलीत. तू ओली लावलीस. लहानपणापासून तू ओलीच लावतोस!"

"आणि तू बाबांना माझं नाव सांगायचास!"

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. इतकी वर्षं मुकं असलेलं अंगण नुसतं दणाणत होतं. लाकडांवरून ते पिठावर गेले, पिठावरून शाळेतल्या कुठल्याशा सायकलवर, सायकलवरून वाटणीवर. मग दादा एकदम म्हणाले, "तुझा तिसरा थर बाहेर आलाय. भोकातून दिसतोय मला."

"तू भोकातून बघतोस?"

"तू नाही बघत?"

नवरा खाली वाकला आणि भोकाला डोळा लावला. बराच वेळ तसाच राहिला. "तुझा सरळ आहे," तो शेवटी म्हणाला.

"पण तापत नाहीये. सगळी आच पत्रा खातोय."

"माझंही तेच."

यानंतर कुणी कुणाला काय सुचवलं ते मला खरंच सांगता येणार नाही. मी पाहिलं ते एवढंच, की दोघांनी आग पुढे ओढून काढली, पत्रा निवू दिला, हातांना ओली पोती गुंडाळली, आणि दादा तिकडून म्हणाले, "तू तुझं टोक धर. मी म्हटलं की वर." पत्रा करकरत वर निघाला. दोन्ही अर्धे घुमट किंचित हलले, धप्प झालं आणि एकमेकांना टेकले. पडले नाहीत. पलीकडे दादा उभे होते, तोंड काळं, चष्म्यावर राख. ते पूर्वीपेक्षा बरेच म्हातारे दिसत होते. माझ्या नवऱ्यालाही ते दिसलं असावं, कारण तो खाली बघायला लागला.

नेमका त्याच वेळी गोदामवाला दादांच्या बाजूच्या फाटकातून आत आला. पॉलिश केलेले बूट, काखेत पाकीट. "आलो मी," तो म्हणाला. "हे काय चाललंय?"

"पाच मिनिटं," दादा म्हणाले. "टोपण तेवढं बसवतो." आणि भावाला म्हणाले, "तुझा तुकडा आण. मी माझा आणतो."



एक गोष्ट मी आतापर्यंत सांगितली नाही. सांगायची वेळ आली नव्हती. आता आली.

नवरा न्हाणीच्या दारातला तुकडा घेऊन आला. दादा त्यांच्या दुकानातला घेऊन आले. तो ते बिलांवर वजन म्हणून ठेवायचे. दोघांनी ते भट्टीवर शेजारी शेजारी धरले. दादांच्या काजळीने माखलेल्या हातातून त्यांचा तुकडा निसटला, ओट्यावर आपटला आणि फुटला. आतून पांढराशुभ्र.

"हे प्लास्टर आहे!" दादा ओरडले.

नवऱ्याने आपला तुकडा ओट्यावर आपटला. तोही पांढरा.

"तू माझं टोपण चोरलंस!"

"मी? तू माझं चोरलंस!"

"म्हणूनच गोड बोलत होतास!"

"गोड कोण बोललं?"

गोदामवाल्याने घड्याळात पाहिलं. "बरं, मग आपण आत बसून सही..."

"चला," दादा त्याच्याकडे वळून म्हणाले.  "चला, आत्ताच करू."

मी ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली. मी धावत घरात गेले, लॅबच्या पिशवीतून जुन्या टॉवेलात गुंडाळलेली वस्तू काढली आणि दोघांच्या मध्ये ओट्यावर ठेवली. टॉवेल सोडला.

अख्खं टोपण. गोल, जड, काळपट, सासऱ्यांच्या हातचं. मधून फक्त एक फिकी रेघ.

 दादांनी ते उचललं, त्या रेघेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे कशाने जोडलंस?"

"दात ओतायचा साचा ज्या पावडरीचा करतात, तिने. आगीत टिकतं ते. भाजून घेतलंय."

"पण माझा तुकडा तुझ्याकडे कसा आला?"

यावर मी नाही, ताई पुढे झाल्या. "माझी दाढ दुखायची ना, अहो, तिथून."

दादांना हे समजायला थोडा वेळ लागला. त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक गोळी मागे जाताना दिसत होती.

"कधी?"

"तुम्ही कापलंत, त्याच आठवड्यात. पर्समध्ये घालून नेला. हिने तुम्हा दोघांना त्याच्यासारखे प्लास्टरचे करून दिले. चहाने रंगवलेत."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही दोघी..." माझा नवरा म्हणाला.

"हो," मी म्हटलं. माझा राग इतका वेळ वाट बघत होता. "घर तुम्ही वाटलंत. भट्टी तुम्ही वाटलीत. विटा मोजून घेतल्यात. आम्हाला कुणी विचारलं होतं? आमची वाटणी कुणी केलीच नाही. त्यामुळे आम्ही एकत्रच आहोत. आणि दादा, तुम्ही हे घर विकलंत तर ताई जातील, आणि मला ते सोसणार नाही. हे टोपण मग पुन्हा कापायला लागेल. मशीन आणा. या वेळी मी धरते."

एवढं बोलल्यावर मला रडू फुटलं, जे बेतात नव्हतं.

दादांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. त्याने तो जास्तच काळा झाला. मग ते ओट्यावर चढले आणि भावाला म्हणाले, "वर ये. एकट्याने बसणार नाही हे." दोघांनी टोपण धरलं आणि सावकाश माथ्यावर टेकवलं. चपखल बसलं. दादांनी वरून दोनदा ठोकलं. नवऱ्याने सवयीने दोनदा ठोकलं.

"सांधा दिसतोय," नवरा म्हणाला.

"दिसू दे," दादा म्हणाले.

गोदामवाला अजून उभाच होता. "अहो, पण या भट्टीचं काय? अर्धी तर माझ्या जागेत येतेय."

"भट्टी विकायची नाही," दादा म्हणाले.

"मग जागा?"

"ती भट्टीखाली आहे."

दोन तोंडांची भट्टी ही. पिझ्झा आमच्या अंगणातून आत जातो आणि ताईंच्या अंगणातून बाहेर येतो. पहिला पिझ्झा काढायचा कुणी, यावर दोघा भावांचं पुन्हा जुंपलं, आणि तोवर तो कोळसा झाला. ताईंनी शिट्टी वाजवली, पण उशीर झाला होता. गोदामवाल्याला बसायला पाट दिला आणि त्यातल्या त्यात कमी जळलेला तुकडा त्याला वाढला. तो म्हणाला, छान आहे.